दोन ते चार ड्रिल बंद

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर मला राग येईल. पन्नाशी उलटलेला, अठ्ठावीस वर्षं ड्रिल चालवलेला माणूस, भर दुपारी मुलुंडच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये शिडीवर उभा, आणि त्याचं उजवं मनगट भिंतीला बांधलेलं. बांधलं कुणी? मीच.

मी काशीराम जोंधळे. पडद्यांचे रॉड, टीव्हीचे स्टँड, कपाटं, जे काही भिंतीला लागतं ते मी लावतो. त्याआधी सोळा वर्षं साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर होतो. माझ्या शेजारच्या मशीनवर अनंता होता. कितीदा सांगितलं तरी हातमोजे घालूनच काम करायचा. एक दिवस मोज्याचा सुटलेला दोरा भोक पाडणाऱ्या बिटला लागला. मी धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर त्याची दोन बोटं गेली होती.

तेव्हापासून माझे नियम आहेत आणि ते मी कुणालाही, कधीही ऐकवतो. ड्रिलजवळ अंगठी नको, घड्याळ नको, लोंबती बाही नको, मनगटाला दोरा तर अजिबात नको. बिट बदलायचं, अडकलं, काहीही झालं तरी आधी बॅटरी काढायची आणि खिशात टाकायची. टेबलावर ठेवली की कुणीतरी मदत करायला म्हणून परत लावतो. रविवारी ब्रशने धूळ झाडायची. बॅटरी उन्हात ठेवायची नाही, पार मरेपर्यंत चालवायची नाही. माझी बायको मथुरा म्हणते, हे तुम्ही लग्नाला गेलात तर नवऱ्यामुलालाही सांगून याल. एकदा सांगितलंही होतं.

आमची मुलगी चेतना चोवीस वर्षांची. दोन वर्षं माझ्याबरोबर कामाला येत होती. हात चांगला आहे तिचा. लेव्हल न लावता ओळ सरळ मारते, जे मला अजून जमत नाही. हे मी तिला कधी बोललो नाही, कारण बोललं की पोरं शेफारतात असं माझं मत होतं. आता त्या मताचं काय करायचं ते बघतोय.

मागच्या महिन्यात आमच्या विहारात परित्राण पाठ झाला. पाठ झाला की भंतेजी सगळ्यांच्या मनगटाला पांढरं सूत बांधतात, चांगले सहा-सात वेढे देऊन. घरी आल्यावर मी माझं सोडून ठेवतो. चेतनाने ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडे तिने ड्रिल हातात घेतलं आणि मला ते सूत दिसलं. मी ओरडलो. तिने लगेच ड्रिल खाली ठेवलं आणि दातांनी गाठ सोडायला लागली.

"दोन मिनिटं पप्पा, सोडते," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक उभं आहे. दोन मिनिटं कुठली?" मी खिशातला कटर काढला, तिचा हात धरला आणि सूत कापून टाकलं. ते खाली भिंतीच्या भुकटीत पडलं. गिऱ्हाइकाची सासू बघत होती.

चेतनाने ड्रिल परत उचललं. ते काम तिने पूर्ण केलं, घरी आली आणि आठवड्याभरात साकीनाक्याला एका फर्निचरवाल्याकडे फिटिंगच्या कामाला लागली. माझ्याशी बोलणं बंद. जेवायला वाढायची, पण "भाजी?" एवढंच.

तिच्या नव्या कामासाठी म्हणून मथुराने परवाच्या रविवारी घरी पुन्हा पाठ ठेवला. भंतेजींनी सूत बांधलं. सगळे गेल्यावर मी गाठीला नख लावलं, तर मथुरा समोर येऊन उभी राहिली.

"अहो, सोडताय कशाला? कापा ना. पोरीचं कापलंत, आता स्वतःचंही माझ्यासमोर कापून दाखवा."

आता सांगा, काय करणार? कापलं तर घरात आणखी एक माणूस बोलायचं बंद होणार. सोडलं तरी तेच. आणि ठेवलं तर माझा नियम मीच मोडणार. मी मधला मार्ग काढला. कामाला निघताना सैलसर बांधलेलं ते सूत कोपरापर्यंत वर सरकवलं आणि त्यावर बाही ओढली. वर सरकवलं की झालं, असं दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला शिडीवरून खाली उतरवला असता.

तर हा फ्लॅट सुशांत म्हणून एका गिऱ्हाइकाचा. तो घरच्यांना घेऊन दोन दिवसांसाठी मनोरीला गेला होता आणि चावी वॉचमनकडे ठेवली होती. हॉलच्या बाल्कनीच्या दारावर पडद्याचा रॉड लावायचा होता. सहा भोकं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, 'दु. २ ते ४ ड्रिल, ठोकठोक बंद'. मी पोचलोच उशिरा. चार भोकं झाली तेव्हा पावणेदोन वाजले होते. गरम व्हायला लागलं म्हणून मी बाह्या दुमडल्या. घामाने सूत हळूहळू खाली आलं असणार. मी बघितलं नाही, कारण माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

मी डावखुरा आहे. डाव्या हाताने ड्रिल चालवतो आणि उजव्या हातात पाण्याच्या बाटलीचं कापलेलं बूड बिटभोवती धरतो, म्हणजे भुकटी त्यात पडते आणि गिऱ्हाइकाचा सोफा खराब होत नाही. म्हणजे उजवं मनगट चकच्या अगदी जवळ. चक म्हणजे ड्रिलचं तोंड, ज्यात बिट धरलेलं असतं.

पाचवं भोक दोन इंच आत गेलं आणि सुताच्या गाठीचं शेपूट चकला लागलं.

किती वेळ लागला म्हणून सांगू? 'अनंता' एवढं मनात यायला जेवढा लागतो तेवढा. सूत गुंडाळलं गेलं, मनगट खेचलं जाऊन चकवर आपटलं, माझा हात दचकला, ड्रिल वाकडं झालं, आतल्या सळईत बिट अडकलं आणि अख्खं ड्रिल गरकन फिरून उलटं झालं. मी ट्रिगर सोडला होता. डाव्या हाताने आपोआप बॅटरी काढली आणि खिशात टाकली. नियम म्हणजे नियम. मग मी श्वास घेतला आणि बाटलीचं बूड खाली सोफ्यावर पडलेलं दिसलं. भुकटी सगळी सोफ्यावर.

आधी वाटलं, काही नाही, निघेल. मी ओढून बघितलं. सूत मांसात रुतलं. ड्रिलसकट हात बाहेर ओढावा म्हटलं तर बिट सळईत पक्कं बसलेलं. मग चकचं तोंड उघडून बिटपासून ड्रिल सोडवावं म्हणून चक फिरवायला गेलो, आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. चक ज्या बाजूला फिरवला की उघडतो, त्याच बाजूला सूत गुंडाळलेलं होतं. म्हणजे सुटायला जावं तर आणखी आवळणार. कटर पिशवीत होता आणि पिशवी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ. दातांनी तोडावं तर हात डोक्याच्या वर आणि मध्ये ड्रिल. एक पायरी वर चढायला गेलो तर शिडी हलली. शिडी सरकली असती तर मी मनगटावर लोंबकळलो असतो. तो विचार आला आणि उचललेला पाय मी परत खाली ठेवला.

सुती दोरा होता हो. लहान मूल हातात घेऊन खेळेल असा. पण सहा-सात वेढे एकत्र पिळले गेले की त्याची दोरी होते, हे मीच लोकांना सांगत आलोय.

मी हाक मारली. "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?" मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट दुपारचे बंद असतात. मग डाव्या मुठीने भिंतीवर धाडधाड मारलं. पलीकडे कुणीतरी होतं. पलीकडूनही धाडधाड आवाज आला.

"अहो, मदत!" मी ओरडलो.

"दोन वाजून गेले!" भिंतीतून एका बाईचा आवाज आला. "पाटी वाचता येत नाही का? माणसाने पडायचं की नाही जरा?"

मी परत ठोकलं. तिने टीव्ही मोठा केला. त्यानंतर मी कितीही ठोकलं तरी मालिकेतल्या माणसांच्या भांडणाखेरीज काही ऐकू येईना. या सोसायटीत मी अकरा घरांत कामं केली आहेत आणि प्रत्येक घरात 'शेजाऱ्यांना त्रास होता कामा नये' असं ऐकून घेतलंय. त्या दिवशी ते पुरतं पटलं.

उजव्या हाताची बोटं आधी लाल होती, मग जांभळी झाली. आधी ठणकत होती, मग ठणकायची बंद झाली. ठणका थांबला तेव्हा मला खरी भीती वाटली. मी करंगळी हलवून बघितली. मला वाटलं हलली, पण डोळ्यांना दिसलं की नाही हलली. हात गेला तर मी काय करणार होतो? लोकांना नियम सांगत फिरणार होतो?

उपाय एकच होता आणि तो माझ्या खिशात होता. बॅटरी परत लावायची, बटण उलट्या बाजूला करायचं आणि ट्रिगर हलका दाबायचा. चक उलटा फिरला की सूत उलगडेल. मी खिशात हात घातला, ड्रिलकडे बघितलं आणि तिथेच थांबलो. उलटी बाजू कुठली?

सहा वर्षं वापरलेलं ड्रिल आहे. ट्रिगरच्या वर आडवं बटण असतं. एका बाजूने आत दाबलं की ड्रिल सुलटं फिरतं, दुसऱ्या बाजूने दाबलं की उलटं. दिवसातून शंभरदा करतो मी ते. पण ते माझ्या डोक्याला नाही, अंगठ्याला ठाऊक आहे. आता ड्रिल उलटं झालेलं, मूठ वरच्या बाजूला, माझा हात भलत्याच कोनात. डावं कुठलं आणि उजवं कुठलं हेच समजेना. बटण मध्ये आलं होतं. बॅटरी काढताना मीच ते मध्ये केलं असणार, तोही माझाच नियम. बटणावरचे बाण कधीच झिजून गेले होते.

बरोबर बाजू दाबली तर सुटलो. चुकीची दाबली तर सूत हाडापर्यंत जाणार. एकदाच मिळणार होतं दाबायला.

बाण झिजले म्हणून चेतनाने सहा महिन्यांपूर्वी उलट्या बाजूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. "हे ड्रिल आहे की नवरी?" असं म्हणून मी थिनर घेतलं आणि चिंधीने तो ठिपका पुसून टाकला. तिच्यासमोरच.

शर्टच्या खिशात फोन होता. तुम्ही म्हणाल, मग इतका वेळ काय करत होतास? सांगतो. वॉचमनला बोलावलं तर तो सेक्रेटरीला आणणार, सेक्रेटरी अख्ख्या सोसायटीला, आणि सगळे मिळून काशीरामचं मनगट बघणार. दार मी आतून कडी लावून घेतलेलं. ते तोडावं लागणार. मथुराला फोन केला असता, पण तिला ड्रिलमधलं काही कळत नाही. त्या बटणाची बाजू जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातला एक मी, आणि मला आठवत नव्हती.

पहिल्यांदा चेतनाने फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. लाज सोडून तिसऱ्यांदा केला.

"काय?" ती म्हणाली.

"चेतना, हात अडकलाय."

"कुठे अडकलाय?"

"ड्रिलमध्ये. सूत गुंडाळलं गेलंय चकवर. ते परवाचं."

तिच्या मागे कुणीतरी हातोडी मारत होतं, ते थांबलं. मला वाटलं आता ती म्हणेल. काहीही म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

"बॅटरी?" तिने विचारलं.

"काढली. खिशात आहे."

"लावू नका अजून. फोन स्पीकरवर टाका. बोटं कुठल्या रंगाची आहेत?"

"जांभळी."

"नीट उभे आहात ना? शिडी हलत नाही ना?" नाही हलत, मी म्हणालो. "पप्पा, ऐका. गिअर एकवर आणा, म्हणजे हळू फिरेल. पुढची रिंग हातोडीवर आहे का साध्यावर?"

"हातोडीवर."

"साध्यावर आणा. सावकाश. रिंग मनगटाला लागेल, लागू दे."

मी केलं. तोंडातून काय काय निघालं ते इथे सांगत नाही. झालं म्हणालो.

"आता बटण."

"तेच आठवत नाही गं." मी अंगठ्याने बटण चाचपलं. "ड्रिल उलटं झालंय. मला बाजू कळत नाही. तुझा ठिपका मी पुसून टाकला."

"पुसला, पण फट कुठे पुसली तुम्ही?" ती म्हणाली. "बटणाच्या कडेला बारीक फट आहे. चिंधी तिथे जात नाही. मी ते रंगवताना आत गेलं होतं, मला माहितीय. धुळीचा गॉगल काढा, फोनचा टॉर्च लावा आणि दोन्ही टोकांना फटीत बघा. घाई करू नका."

डाव्या हाताने गॉगल काढून टाकला. टॉर्च लावून फोन ड्रिलजवळ नेला. एका टोकाला नुसती भुकटी होती. फुंकर मारली. काही नाही. मान वाकडी करून दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथेही भुकटी. फुंकर मारली, आणि फटीत केसाएवढी लाल रेघ दिसली.

"आहे," मी म्हणालो. "आहे गं, लाल आहे!"

"ते टोक दाबा. पूर्ण आत. गेलं? आता बॅटरी लावा. ट्रिगरला नुसतं बोट टेकवायचं. फिरतंय असं वाटलं की सोडायचं. मी थांबलेय."

माझं बोट ट्रिगरवर होतं आणि दाबवत नव्हतं. ती चुकली असेल तर? रंग दोन्ही बाजूंना ओघळला असेल तर? आयुष्यभर मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून ट्रिगर दाबला नव्हता. मी उजव्या हाताच्या जांभळ्या बोटांकडे बघितलं. ती माझी वाटतच नव्हती.

"पप्पा," फोनमधून आवाज आला, "मी लावला होता तो ठिपका. मी चुकीच्या बाजूला लावीन का?"

मी दाबला. ड्रिल गुरगुरलं, मूठ हातात उसळली आणि बिट सळईतून कट्‌ करून सुटलं. चक अर्धा वेढा उलटा फिरला. सोडलं. परत टेकवलं. आणखी एक वेढा. सूत मांसातून वर आलं, सैल झालं आणि माझा हात दगडासारखा खाली पडला. मी बॅटरी काढून खिशात टाकली आणि तिथेच पायरीवर बसलो.

"सुटला?" चेतना ओरडली. "पप्पा? बोला ना! सुटला?"

 मी रडत होतो. पलीकडच्या बाईने पुन्हा भिंतीवर मूठ मारली, कारण ड्रिलचा आवाज तिने बरोबर ऐकला होता.

मी तिला पत्ता सांगितला आणि तासाभराने बेल वाजली. डाव्या हाताने कडी काढली. चेतना कामाच्या कपड्यांतच आली होती, हातात मेडिकलच्या दुकानातली पिशवी. आधी तिने माझी पाचही बोटं एकेक करून दाबून बघितली. ती आता लाल झाली होती आणि मरणाची दुखत होती. मनगटाभोवती कडं घातल्यासारखी खोल रेघ उमटली होती आणि त्यावर ते सूत तसंच होतं, तेलाने काळं झालेलं.

"हे काढलं नाहीत?" तिने विचारलं.

मी शेजारी ठेवलेला कटर उचलून तिच्यापुढे धरला. "तू काप."

तिने कटर घेतला, पातं आत ढकललं आणि तो माझ्या पिशवीत टाकला. मग सोफ्यावरची भुकटी हाताने झाडून मला बसवलं, समोर जमिनीवर मांडी घातली आणि माझा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. गाठ ओढली जाऊन दगड झाली होती. तिने नखांनी बघितलं, दातांनी बघितलं, मग मेडिकलच्या पिशवीतून सेफ्टी पिन काढली आणि एकेक धागा उकलायला लागली.

चार वाजले. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी ड्रिल सुरू झालं. आमचं अजून दीड भोक बाकी होतं. मी हात तिच्या गुडघ्यावर तसाच ठेवला आणि ती सोडत राहिली. दोन मिनिटांचं काम होतं, पण चांगली वीस मिनिटं लागली. मी एकदाही लवकर कर म्हणालो नाही.